घर सोडलं, पण ओटीपी माझ्याकडंच येत होते

तर २०२२ च्या मे महिन्यात मी घर सोडून कोयनेच्या फुगवट्यापलीकडं राहायला गेलो आणि २०२३ च्या फेब्रुवारीत परत आलो. घर म्हणजे सांगलीतलं, बायको, सात वर्षांची मुलगी आणि माझी आई. भांडण नव्हतं, दारू नव्हती, कर्ज म्हणाल तर होमलोन होतं ते सगळ्यांनाच असतं. अजून लग्नाकार्यात कुणीतरी पावणा गाठतोच आणि कोपऱ्यात घेऊन विचारतो, खरं सांग, झालं काय होतं? काही झालं नव्हतं हे कुणाला पटतच नाही. म्हणून एकदाचं लिहून टाकतो, कारण हेच डोक्यात घेऊन बसलेले चार-पाच जण तर माझ्याच ओळखीत आहेत, जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता फोनवर जंगलातल्या झोपड्यांचे व्हिडिओ बघणारे. मीपण तसलाच होतो.

कुपवाड एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला होतो, तेरा वर्षं. २०१९ च्या ऑगस्टमधे आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ फूट, म्हणजे बघा. आमच्या घरात छातीएवढं पाणी. गाळ काढून, भिंती वाळवून जरा कुठं टेकतोय तोवर कोरोना. दुसऱ्या लाटेत माझ्या शेजारच्या टेबलावरचा दोस्त गेला. आठव्या दिवशी त्याच्या खुर्चीवर नवा माणूस बसला आणि काम अडायला नको म्हणून त्याच्याच पासवर्डने सिस्टीम चालू केली. पासवर्ड मला माहीत होता, मीच सांगितला. दोस्ताच्या पोराचं नाव आणि जन्मसाल. ते नाव त्या नव्या माणसाने दोन बोटांनी एकेक अक्षर शोधत टाईप केलं आणि माझ्या डोक्यातलं काहीतरी त्या दिवशी जागेवरून हललं ते हललंच.

जागा तयार होती. आमचं मूळ गाव तिकडंच, जावळीच्या पलीकडच्या रानात. साठच्या दशकात कोयना धरणाचं पाणी चढायला लागलं तेव्हा खालचं गाव गेलं आणि आजोबांना उठून सांगली जिल्ह्यात यावं लागलं. धरण १०५ टीएमसीचं, त्याला शिवसागर म्हणतात, पर्यटक लाँचमधून फोटो काढतात. त्याच्या तळाला आमचा उंबरा आहे. वरच्या अंगाची वस्ती तेवढी पाण्याबाहेर राहिली, तिथं चुलत घराण्याची मालकीची थोडी जमीन आणि पडकं घर. गावाचं नाव लिहीत नाही, आधीच प्लॉटवाल्यांचा डोळा आहे.

एक सांगून ठेवतो, हे जे 'जंगलात राहायला जाणं' आपण म्हणतो ते कायद्याने होत नसतं. कोयना अभयारण्य १९८५ पासून, २०१० ला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आत राहणाऱ्या गावांनाच बाहेर काढतायत तिथं तुम्हाला कोण खोपटं बांधू देणार? वासोटा किल्ल्यावर जायचं तरी बामणोलीत वनखात्याची परवानगी काढायची आणि संध्याकाळच्या आत परत फिरायचं, मुक्काम चालत नाही. माझं जमलं ते फक्त आजोबांच्या सातबाऱ्यावर. म्हणजे घर सोडून गेलो ते पण घराण्याच्याच जिवावर, हे माझ्या ध्यानात यायला सहा महिने लागले.

घरी सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. बायको पतसंस्थेत क्लार्क आहे, तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "किती दिवस?" मी म्हणलं माहीत नाही. "हप्ता?" म्हणलं माझ्या खात्यात पैसे आहेत, त्यातून कटत राहील. मग ती भांडी घासायला उठली. मला वाटलं समजून घेतलं. लोकांनी गप्प बसणं म्हणजे समजून घेणं नसतं हे मला, चाळिशीच्या माणसाला, कुणीतरी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. आईने मात्र तोंडावर सांगितलं. "तुझा आजा रान सोडून आला तवा जातं, पाटा, म्हस, सगळं घेऊन आला, मला पाळण्यात घालून आणलं माझ्या बानं पलीकडच्या गावातनं. तू एकलाच निघालास व्हय?"

तर निघालो. साताऱ्यातून कासवरून बामणोलीची एसटी, तिथून लाँच, मग दीड तास चढ.

पहिले पंधरा दिवस मी राजा होतो. करवंदं, जांभळं, फणस, पाणी आटलेल्या काठावर गाळपेराची हिरवी पट्टी, सकाळी शेकरू डोक्यावरून उडी मारून जाणार. झोप अशी लागायची की तेरा वर्षांची थकबाकी वसूल झाली. मग जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस आला आणि तो थांबलाच नाही. मी सांगलीचा माणूस, आमच्याकडं पाऊस येतो आणि जातो. तिथं पाऊस राहायला येतो. कपडे वाळत नाहीत, मीठ वाळत नाही, काडेपेटी कंबरेला प्लॅस्टिकमधे बांधून झोपायचं. जळवांचं लोक सांगतात, त्याचं काय नाही, मीठ-तंबाखू लावली की सुटतात. खरा त्रास धुराचा. ओली लाकडं. चुलीच्या वर बांबूचा माच टांगलेला असतो, आजची लाकडं आज लावायची नाहीत, ती माचावर चढवायची आणि आठ दिवसांपूर्वीची खाली घ्यायची, ही साधी गोष्ट मला कुणी सांगितली नाही कारण तिथं ती कुणाला सांगावीच लागत नाही. तीन दिवस मी अर्धकच्ची नाचणीची भाकरी खाल्ली आणि डोळे असे सुजले की शेजारच्या आज्जीने येऊन माच बघितला, माझ्याकडं बघितलं, आणि काही न बोलता स्वतःच्या घरातून वाळलेला भारा आणून टाकला.

या आज्जीबद्दल सांगायलाच पाहिजे. नात्याने माझी चुलत आज्जी लागते. वस्तीत चालू उंबरे पाच, सगळे म्हातारे. बाकी सगळी मुंबईत. त्या सगळ्या खोऱ्यातली माणसं पिढ्यान् पिढ्या मुंबईत माथाडी, पाठीवर गोणी वाहणारी. आज्जीचा नवरा चाळीस वर्षं मुंबईत, शिमग्याला आणि गणपतीत यायचा. मी एकदा तरवा लावताना तिला माझं तत्त्वज्ञान सांगायला गेलो, म्हणलं आज्जे, तुझा नवरापण तुला टाकून गेलाच होता की, तरी तुझा संसार झालाच ना. तिचा हात थांबला नाही, वाकलेली कंबर वर झाली नाही, रोपं चिखलात जात राहिली आणि खालूनच म्हणाली, "त्यो पोटासाठी गेलता लेका. तू पोट भरल्यावर आलायस."

त्यावर मी काय बोलणार? पुढच्या वाफ्यात गेलो.

आता मुख्य गोष्ट. वस्तीत रेंज नाही. वर सड्यावर एक काळा कातळ आहे, त्याच्यावर उभं राहून तोंड दक्षिणेला केलं की दोन कांड्या येतात. दर रविवारी मी तिथं चढून घरी फोन करायचो, असा नेम होता. जुलैत दोन रविवार पावसाने जाता आलं नाही. तिसऱ्या रविवारी इरलं घेऊन गेलो, फोन सुरू केला आणि तो हातात नुसता थरथरायला लागला. त्रेचाळीस मेसेज.

पहिला मेसेज गॅस सिलेंडरचा. तुमचा डिलिव्हरी कोड अमुक. मग परत तोच. मग 'ग्राहकाने कोड न दिल्याने डिलिव्हरी होऊ शकली नाही'. मग नवीन बुकिंग, नवीन चार आकडी कोड, परत तेच. गॅस माझ्या नावावर, नंबर माझा. सिलेंडर दोनदा आमच्या दारात आला आणि दोनदा परत गेला कारण कोड घेऊन मी कोयनेच्या रानात निसर्गाशी एकरूप होत होतो.

पहिल्यांदा मला चीड आली, हे पण सांगतो. म्हणलं इथं पण हेच. मग इरल्याखाली उकिडवा बसून सगळे मेसेज खालपासून वर वाचले, म्हणजे जे पोचले होते ते, आणि ते वाचता वाचता लक्षात आलं की मी आमच्या घराची डायरी वाचतोय. लाईटबिल भरलं, पाच दिवस उशिरा. शाळेच्या फीचा दुसरा हप्ता. किराणा दुकान ६२० रुपये, मग ३१० रुपये, मग १४० रुपये. आणि एक मेसेज मेडिकल स्टोअरचा, १,८४० रुपये, जॉइंट खात्यातून, वेळ रात्री अकरा चाळीस.

रात्री अकरा चाळीसला कुणी मेडिकलमधे कशाला जाईल?

फोन लावला. बायको म्हणाली, अहो काय नाही, सगळं बरं आहे. मी म्हणलं मेडिकलचं काय. गप्प. मग म्हणाली पोरीला ताप होता, १०४ पर्यंत गेला, तीन रात्री काढल्या, आता उतरलाय, शाळेत पण जातीय. मी म्हणलं मला सांगायचं नाही का. तेव्हा ती जे बोलली ते आवाज न चढवता बोलली, "सांगून काय झालं असतं? तुम्हाला मेसेज पोचेपर्यंत ताप उतरला होता." आणि मग, "तो सिलेंडरचा कोड तेवढा सांगा, शेजारणीचा आणलाय, परत द्यायचाय." मी कोड सांगितला. तो शिळा झालेला होता, चालला नाही. पुढचे आठ दिवस माझ्या आईने इलेक्ट्रिक शेगडीवर स्वयंपाक केला, ती पण फ्यूज उडवत.

मी सन्यासी झालो असं मला वाटत होतं. पण सन्यास घेणारा माणूस निदान सगळं सोडून तरी जातो. मी गेलो खरा, पण घराच्या सगळ्या किल्ल्या खिशात घालून. बँकेचा ओटीपी माझ्याकडं, गॅस माझ्याकडं, शाळेच्या ॲपला माझा नंबर, आईच्या पेन्शनचा दाखला माझ्या फोनशी जोडलेला. घरातलं काम सगळं त्यांच्यावर आणि सही माझी. हे जंगलात जाण्यापेक्षा वाईट आहे. माझं तर आता मत झालंय की जाणं चूक नव्हतं, मला खरंच श्वास घेता येत नव्हता, पण न विचारता, न वाटणी करता, अर्धवट जाणं ही शुद्ध चोरी होती.

साताऱ्यात असलं काही बोललं की कुणीतरी समर्थांचं नाव काढतंच. ते पण बोहल्यावरूनच गेले, बाराव्या वर्षी, 'सावधान' ऐकल्यावर. मी स्वतः हे उदाहरण मेव्हण्याला दिलं होतं. पण सज्जनगडाच्या पायऱ्या किती वेळा चढलो तरी एक गोष्ट कधी डोक्यात आली नव्हती, की जांबेला थोरले भाऊ गंगाधरपंत होते. आई राणूबाई आंधळ्या झाल्या म्हणतात रडून रडून, पण त्यांना हाताला धरून बसवणारा घरात एक मुलगा होता. आणि त्या बोहल्यावरच्या पोरीचं पुढं काय झालं, हे कीर्तनात विचारून बघा एकदा. शिवाय समर्थांनी पुढं साऱ्या जगाला सांगितलं काय, तर आधी प्रपंच नेटका करा. तो उपदेश आपण सोयीने विसरतो आणि पळाल्याचं तेवढं लक्षात ठेवतो.

माझ्या भाच्याने जाण्याआधी मला एका अमेरिकन पोराची गोष्ट पाठवली होती, ख्रिस मॅकँडलेस. १९९० ला कॉलेज झालं, जवळचे २४ हजार डॉलर दान केले, घरी काही न कळवता भटकत राहिला, १९९२ च्या एप्रिलमधे एकटा अलास्काच्या रानात शिरला. परत निघाला तर जाताना सहज ओलांडलेली नदी उन्हाळ्यात बर्फ वितळून फुगलेली. मागं फिरला आणि ऑगस्टमधे एका जुन्या टाकून दिलेल्या बसमधे उपाशी मेला, २४ वर्षांचा. भाच्याने खाली लिहिलेलं, 'मामा, लेजंड!' ती बस बघायला नंतर इतकी पोरं जायला लागली, त्यातली काही बुडाली, शेवटी २०२० ला हेलिकॉप्टरने बस उचलून न्यावी लागली. फुगलेल्या पाण्याचं मला कळत होतं. जुलैत वारा सुटला की लाँच बंद, पाण्याचा रंग चहासारखा, आणि तुम्ही अलीकडं ते अलीकडंच. पण त्याच्यामागं बायको-पोर नव्हतं, आणि घरात बापाशी त्याचं बिनसलेलं होतं. ज्याला घरात राहणंच अशक्य आहे त्याने पळावं, त्याला कोण नाही म्हणणार? माझ्या घरात मला काय अशक्य होतं? सकाळी चहा हातात मिळत होता.

मेव्हणा ऑगस्टमधे मला न्यायला आला होता. तयारीनिशी, भांडायचं ठरवून. लाँचमधून उतरून चढ चढेपर्यंत त्याच्या दोन्ही बुटांत जळवा, आल्या आल्या उंबऱ्यावर बसून बूट काढून रक्त बघितलं आणि भांडणच विसरला. रात्री भात आणि कुर्डूची भाजी खाऊन म्हणाला, "दाजी, इथं भारी वाटतंय पण. मला पण चार दिवस राहू वाटतंय." मी म्हणलं रहा की. तर म्हणाला, "ताईनं विचारलं तर काय सांगू, तुम्हाला न्यायला गेलो आणि मीच राहिलो?" सकाळी गेला. जाताना लाईटबिल भरायला ॲपचा पासवर्ड मागून घेतला, तेवढं शहाणपण त्याला सुचलं, मला नव्हतं सुचलं.

म्हणून लगेच परत गेलो का? नाही. हे लिहायला लाज वाटते पण खरं तेच सांगायचं ठरवलंय. त्या रविवारनंतर अजून सात महिने राहिलो. कारण भात लावलेला होता, आणि कारण तिथं मला चांगलं वाटत होतं. ऑक्टोबरात भात पोटरीला आला की गवे उतरतात, राखणीला माळ्यावर बसायचं. एका रात्री चांदणं होतं आणि गवा बांधावर येऊन उभा राहिला, माळ्यापासून पंधरा हातांवर. दिसतो केवढा ते सोडा, त्याचा श्वास ऐकू येतो, कुकरची पहिली वाफ सुटावी तसा फुस्स आवाज. हातात डबडं आणि काठी, वाजवायचं होतं, वाजवलंच नाही. तो माझं भात खात राहिला आणि मी बघत राहिलो. ओंब्या ओरबाडायचा, मान वर करायचा, परत खाली. किती वेळ ते सांगता येणार नाही. सकाळी आज्जीने अर्धा वाफा सपाट झालेला बघितला आणि मला असल्या शिव्या घातल्या की लिहिता येत नाहीत, कारण माझ्याकडनं सुटलेला गवा तिच्या वाफ्यातून पुढं गेला होता. तेव्हा पण तेच झालं बघा. माझा आनंद, दुसऱ्याचं भात.

त्याच महिन्यात वन्यजीव सप्ताह असतो. रविवारच्या फोनवर पोरगी म्हणाली, पप्पा बाईंनी तुम्हाला शाळेत बोलावलंय, भाषण करायला. म्हणलं मला कशाला? तर बाईंनी वर्गात विचारलं होतं वडील काय करतात, हिनं सांगितलं जंगलात असतात. बाई म्हणाल्या, फॉरेस्ट ऑफिसर का गं? ही हो म्हणाली. मग बिबट्या, अस्वल, शेकरू, मी फोनवर सांगितलेलं सगळं तिनं वर्गात सांगितलं आणि बाई खूश. मी म्हणलं अगं पण खोटं का सांगितलंस. थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "मग दुसरं काय सांगायचं?"

कातळावर उभा होतो, दक्षिणेला तोंड करून. मला पण दुसरं काही सुचलं नाही.

भात झोडपून झालं, आज्जीचं नुकसान माझ्या वाट्यातून भरून दिलं, जानेवारीत हिशोब बघितला. मी तिथं महिना अडीच हजारात राहिलो याचा मला फार अभिमान होता, भेटेल त्याला सांगायचो. सांगलीत हप्त्याला ११,४०० कटत होते, दिवाळीनंतर खातं तळाला गेलं आणि बायको नोकरी करून रात्री दोन दुकानांचं जीएसटीचं काम करत होती, हे मला आईकडून कळलं. माझे अडीच हजार स्वस्त होते कारण बाकीचे कुणीतरी भरत होतं.

परत आलो तेव्हा कुणी रडलं नाही. आई म्हणाली अंघोळ कर, धुराचा वास येतोय. बायकोने पंधरा दिवस माझ्याशी कामापुरतं बोलणं ठेवलं, ते तिचं बरोबरच होतं. नोकरी मिळाली, आधीपेक्षा चार हजार कमी. आल्यावर पहिलं काम म्हणजे गॅस, बँक, शाळा, आईची पेन्शन, सगळीकडं तिचा नंबर टाकला. एजन्सीच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, ग्राहक तुम्ही आणि नंबर मॅडमचा का? म्हणलं टाका हो तुम्ही.

आता दरवर्षी लावणीला दहा दिवस आणि राखणीला आठ दिवस मी वस्तीवर जातो, विचारून. एकदा नाही म्हणाली होती, त्या वर्षी गेलो नाही, चिडचिड केली पण गेलो नाही.

आणि यंदाच्या मे मधे ती म्हणाली, मी जाऊन येते. म्हणलं आपण सगळे जाऊ. म्हणाली, नाही, मी एकटीच, आठ दिवस. मला विचारलं नाही, सांगितलं. मी गप्प बसलो आणि भांडी घासायला घेतली. बामणोलीच्या एसटीचं टायमिंग काढून दिलं, आज्जीला साखर, चहापावडर आणि तंबाखूची पिशवी बांधून दिली. पोरीला म्हणलं, बघ आता आपण तिघं कसं मजेत राहतोय.

तिसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. सिलेंडरवाला पोरगा, घाम पुसत, फोन हातात धरून उभा. "काका, कोड सांगा."

आतून आईचा आवाज आला, "शेगडी माळ्यावर हाय. फ्यूजची तार बघून लाव म्हणावं."